हिवतापाचा जंतू औषधावर मात करतो, पण फुकटात नाही

पाऊस ओसरला की वडोदऱ्यात दवाखान्यांपुढची रांग वाढते. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांत थंडी वाजून ताप आला की 'क्लोरोक्विन घेऊन टाक' म्हणणारं कुणीतरी असतंच. दोन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी कपाटात जातात. या उरलेल्या गोळ्यांची मला खरोखर काळजी वाटते. त्यामागचं कारण जंतूच्या पोटापाण्यात दडलेलं आहे.

हिवतापाचे जे प्रकार माणसाला होतात, त्यांतला फॅल्सिपेरम सर्वांत जीवघेणा. हा जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरणारं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, त्याच्यासाठी विषारी असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. क्लोरोक्विन ही स्फटिक बनण्याची क्रिया अडवतं आणि जंतू स्वतःच्याच अन्नाच्या विषाने मरतो. ज्यांनी औषधावर मात केली त्या जंतूंत एक प्रथिन बदललेलं आढळतं. जंतूच्या पचनाच्या पिशवीच्या आवरणात ते बसलेलं असतं, आणि त्याच्या ७६ व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. हे बदललेलं प्रथिन क्लोरोक्विनला पिशवीबाहेर काढून देतं.

पण या प्रथिनाचं मूळ काम वेगळंच आहे. हिमोग्लोबिन पचल्यावर जे छोटे तुकडे तयार होतात, ते पिशवीतून बाहेर जंतूच्या कामी लावणं. बदललेलं प्रथिन हे काम तितकंसं नीट करत नाही. तुकडे आत साचतात, वाढ मंदावते. प्रयोगशाळेत हे थेट पाहता येतं. दोन्ही प्रकारचे जंतू सारख्या प्रमाणात मिसळून, औषध न घालता मानवी रक्तात वाढवायचे. दर ४८ तासांनी नवी पिढी येते, आणि काही आठवड्यांत प्रतिकारक जंतूंचा वाटा घटलेला दिसतो. औषध असेल तेव्हा हेच जंतू जिंकतात, औषध नसेल तेव्हा हरतात.

आफ्रिकेतल्या मलावी देशाने हे अख्ख्या देशाच्या पातळीवर घडताना पाहिलं. तिथे १९९३ मध्ये क्लोरोक्विन देणं बंद झालं. ब्लँटायर शहरात १९९२ साली सुमारे ८५ टक्के नमुन्यांत तो बदल होता. २००० मध्ये जेमतेम १३ टक्क्यांत. पुढच्या चाचणीत क्लोरोक्विन दिलेल्या ८० मुलांपैकी केवळ एकात उपचार अपयशी ठरला. बदललेले जंतू पूर्ववत झाले असं मात्र नाही. मूळचे साधे जंतू मागे कुठेतरी तग धरून होते, औषधाचा दाब उठल्यावर तेच पसरले.

मग भारतात असं का होत नाही? आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये १९७३ साली क्लोरोक्विन निकामी ठरल्याची पहिली नोंद झाली. २०१० पासून देशभर फॅल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनीनवर आधारित जोडऔषध आलं. पण व्हायवॅक्सवर, म्हणजे हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारावर, आजही क्लोरोक्विनच चालतं, आणि ते योग्यही आहे. दोन्ही जंतू एकाच गावात, कधी एकाच शरीरात असतात. तपासणीआधीच गोळी घेतली की फॅल्सिपेरमलाही ती मिळते. त्या जंतूला क्लोरोक्विनपासून सुटका म्हणून मिळतच नाही, आणि साध्या जंतूंना परतायला संधी मिळत नाही.

दुसरं कारण आपल्या शहरी परिस्थितीत आहे. मलावीसारख्या प्रदेशात एका माणसाला अनेक डास चावतात, त्याच्या रक्तात निरनिराळे जंतू एकत्र असतात आणि त्यांची स्पर्धा शरीरातच होते. वडोदऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे आजार कमी पसरतो, तिथे रुग्णाच्या रक्तात बहुधा एकच जंतू असतो. तो अशक्त असला तरी त्याला हरवणारा कुणी शेजारीच नसतो. थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर, जिथे आजार विरळ होता, तिथेच प्रतिकार वारंवार उपजला, याचं हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं.

शिवाय प्रतिकारासाठी मोजावी लागणारी ही किंमत टाळायचे नवे मार्ग जंतू शोधतात. एखादा दुसरा बदल पहिल्या बदलाची तूट भरून काढतो, आणि असे जंतू औषध नसतानाही मागे हटत नाहीत.

अटोव्हाक्वोन या हिवतापावरच्याच दुसऱ्या औषधाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्यावर मात करणारा बदल जंतूच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या, सायटोक्रोम बी या प्रथिनात होतो. माणसाच्या रक्तात असा जंतू तग धरतो, पण त्याला वाढायला डासाच्या शरीरातही ऊर्जा लागते आणि ती तिथे या मार्गानेच मिळते. त्यामुळे तो डासात नीट वाढत नाही, पुढच्या माणसापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. एका रुग्णात औषध हरलं तरी प्रतिकार त्या रुग्णापुरताच राहतो. उंदरांच्या हिवतापावरच्या प्रयोगांत हे २०१६ साली स्पष्टपणे दिसलं. अशा, जंतूला दोन्ही घरी परवडणार नाही अशा जागी वार करणाऱ्या औषधांकडे संशोधक त्यामुळेच लक्ष देत आहेत.