स्ट्रक्टच्या पोटातला अ‍ॅरे की अ‍ॅरेचा पत्ता?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या एका कारखान्यासाठी मी इलेक्ट्रॉनिक जेकार्डला, म्हणजे मागावरचे उभे धागे हुकांनी उचलून नक्षी विणवणाऱ्या यंत्राला, डिझाइन पाठवणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. माझा भाग सी-शार्पमधला, आणि जेकार्डच्या कंट्रोलरशी बोलणारी लायब्ररी सी भाषेतली. पहिला नमुना मागावर घेतला तर कापडावर डिझाइनच नाही. डावीकडच्या काही हुकांचे उभे धागे विणीत न गुंतता नुसते लोंबत होते. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला की लोंबणारे धागे दुसरेच. जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा कारागीर, म्हणाला, "सर, हुक अडकला असता तर त्याच जागी दिसला असता की. हे दर वेळी जागा बदलतंय बघा."

त्याचं बरोबर होतं. मागात काही बिघाड नव्हता. छिद्रांच्या, म्हणजे कोणते हुक उचलायचे त्या माहितीच्या, जागी मी तिचा मेमरीतला पत्ता पाठवला होता, आणि माग तो पत्ता प्रत्येक ओळीत मुकाट्यानं उचलत होता.

ही चूक ज्या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून होते, त्या अशा. सीच्या हेडर फाइलमध्ये (लायब्ररीशी कसं बोलायचं ते सांगणारी फाइल) स्ट्रक्टमधलं, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातलं, फील्ड एक तर 'होल्स', पुढे चौकटी कंसात १६८ असं लिहिलेलं असतं, किंवा स्टार लावून नुसतं 'होल्स' असतं. पहिला प्रकार अ‍ॅरेचा, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेचा; त्यात १६८ बाइट स्ट्रक्टच्या पोटातच बसलेले असतात. दुसऱ्यात बाइट दुसरीकडे कुठेतरी असतात आणि स्ट्रक्टमध्ये फक्त त्यांचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, असतो. जुन्या जेकार्डचं पंचकार्ड आठवा. छिद्रं कार्डावरच पाडलेली असतात, कार्ड सिलिंडरवर आलं की सुया थेट त्यात शिरतात. आता कार्डाच्या जागी 'कार्ड सातव्या फळीवर ठेवलंय' अशी चिठ्ठी लावली तर सुया चिठ्ठीलाच टोचणार. मशीनला चिठ्ठी वाचता येत नाही.

आकडे मांडले की फरक लगेच कळतो. आमच्या स्ट्रक्टमध्ये ओळीचा क्रमांक ४ बाइट, हुकांची संख्या ४ बाइट, आणि १३४४ हुकांसाठी हुकाला एक बिट धरून १६८ बाइट. अ‍ॅरे पोटात असेल तर एकूण १७६ बाइट. पॉइंटर असेल तर ६४-बिट प्रोग्रॅममध्ये ४, ४ आणि ८ मिळून फक्त १६. मी १६ बाइटांचं स्ट्रक्ट दिलं होतं आणि लायब्ररी १७६ वाचत होती. म्हणजे पहिल्या ६४ हुकांना पत्त्याचे बिट मिळाले, आणि पुढच्या १६० बाइटांत मेमरीत पलीकडे जे काही पडलं होतं ते. पत्ता सगळ्या ओळींना एकच होता, म्हणून एका फेरीत तेच हुक कायम उचललेले. प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला की पत्ता बदले, हुक बदलत. ४९ ते ६४ हे हुक मात्र एकदाही उचलले गेले नाहीत. ६४-बिट विंडोजमध्ये साध्या प्रोग्रॅमला मिळणारे पत्ते ४७ बिटांत मावतात, आणि बाइट उलट्या क्रमानं मांडले जात असल्यामुळे शेवटचे दोन बाइट शून्यच राहतात. हे कोरे १६ हुक मोजल्यावरच मला उलगडा झाला. प्रोग्रॅम एकदाही कोसळला नव्हता, आणि या चुकीतलं सर्वात वाईट तेच आहे.

मग गोंधळ होतो कुठून? माझ्या मते त्याचं मूळ सी भाषेतच आहे. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये कंसात १६८ लिहा किंवा स्टार लिहा, कंपायलर दोन्ही पॉइंटरच धरतो. लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीत छिद्रं सरळ पॅरामीटर म्हणून जात. सी-शार्पमधून मी साधा बाइट-अ‍ॅरे द्यायचो. रनटाइम, म्हणजे सी-शार्पचा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, तो कॉलपुरता जागेवर धरून ठेवायचा आणि पहिल्या बाइटचा पत्ता पलीकडे द्यायचा. सगळं सुरळीत चालायचं. नव्या आवृत्तीत तीच ओळ स्ट्रक्टमध्ये गेली. अक्षरं तीच, पण अर्थ बदलला: स्ट्रक्टच्या आत चौकटी कंस म्हणजे खरोखर तेवढी जागा.

त्यात सी-शार्पचा अ‍ॅरे दिशाभूल करतो. तो हीपवर, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या भागात, असतो आणि स्ट्रक्टमध्ये त्याचा फक्त संदर्भ असतो. म्हणून सी-शार्पचं स्ट्रक्ट दिसायला पॉइंटरवाल्या प्रकारासारखं असतं, पलीकडे मांडणी कुठलीही लागत असली तरी. मी त्या फील्डवर 'एलपीअ‍ॅरे' ही 'पत्ता पाठव' असं सांगणारी खूण लावून पाहिली, तर रनटाइमनं साफ नकार दिला: अ‍ॅरे फील्डला 'बायव्हॅलअ‍ॅरे' किंवा 'सेफअ‍ॅरे'च चालतो. तिथं थांबून विचार करायला हवा होता. मी फील्डचा प्रकार 'इंटपीटीआर', म्हणजे नुसता पत्ता, करून टाकला, एरर गेला, आणि काम झालं असं समजलो.

पोटातल्या अ‍ॅरेसाठी योग्य ती खूण 'बायव्हॅलअ‍ॅरे'ची, आणि तिच्यासोबत 'साइझकॉन्स्ट' १६८. मग कॉलच्या वेळी मार्शलर, म्हणजे सी-शार्पची माहिती सीच्या मांडणीत उतरवणारा रनटाइमचा भाग, १७६ बाइटांची नेटिव्ह प्रत तयार करतो आणि छिद्रं तिच्यात उतरवतो. अ‍ॅरे १६८ पेक्षा लहान असेल तर एक्सेप्शन येतो. मोठा असेल तर पहिले १६८ जातात आणि उरलेले गुपचूप गळतात, म्हणून लांबी आपणच तपासावी. फील्ड नल, म्हणजे रिकामं, असेल तर पलीकडे शून्यं पोचतात. स्ट्रक्ट 'रेफ'नं, म्हणजे लायब्ररीनं केलेले बदल परत यावेत अशा रीतीनं, दिलं तर परत येताना मार्शलर नवा अ‍ॅरे बनवून फील्डमध्ये ठेवतो. जुना अ‍ॅरे दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला असेल तर त्यात काहीच बदललेलं दिसणार नाही.

हेडरमध्ये खरंच स्टार असेल, तर 'इंटपीटीआर'च बरोबर. पण मग जागेची सगळी जबाबदारी आपली. 'मार्शल.अ‍ॅलॉकएचग्लोबल'नं जागा घ्यायची, 'मार्शल.कॉपी'नं बाइट भरायचे, लायब्ररीनं काही लिहिलं असेल तर ते स्वतः परत आणायचं, आणि शेवटी 'फ्रीएचग्लोबल'. ही जागा सोडायची कधी, हा खरा कठीण प्रश्न. पोटातल्या अ‍ॅरेची प्रत कॉल संपला की संपते, हवं ते लायब्ररीनं तोवर उतरवून घ्यायचं असतं. पॉइंटर मात्र लायब्ररी जपून ठेवू शकते. कंट्रोलरच्या लायब्ररीत रांग असेल तर फंक्शन लगेच परतेल आणि ओळ मागावर नंतर जाईल. तेवढ्यात आपण जागा मोकळी केली तर माग भलतंच विणेल. लायब्ररी पत्ता किती वेळ वापरते हे हेडरवरून कळत नाही, तिच्या कागदपत्रांतच शोधावं लागतं.

उलटी चूक, म्हणजे पॉइंटर हवा असताना 'बायव्हॅलअ‍ॅरे' देणं, लवकर सापडते. लायब्ररी डिझाइनचे पहिले आठ बाइट पत्ता समजते आणि प्रोग्रॅम बहुतेक वेळा तिथंच पडतो.

तिसरीही एक तऱ्हा आहे: स्ट्रक्टच्या शेवटी अ‍ॅरेची लांबी १ लिहिलेली किंवा रिकामीच ठेवलेली. डेटा पोटाला लागूनच असतो, पण किती ते चालू असतानाच ठरतं. तिथं 'साइझकॉन्स्ट' पुरत नाही, जागेचा हिशेब हातानं करावा लागतो.

मी सध्या 'बायव्हॅलअ‍ॅरे' न वापरता फिक्स्ड बफर वापरतो. सी-शार्प २.० पासून, म्हणजे २००५ पासून, तो आहे. बाइट सी-शार्पच्या स्ट्रक्टमध्येही खरोखर पोटातच राहतात, दोन्हीकडची मांडणी एकच होते आणि मधली प्रत करावी लागत नाही. 'अनसेफ' लिहावं लागतं, आणि बाइट, इंट अशा मूळ प्रकारांपुरताच तो चालतो. २०२३ च्या सी-शार्प १२ मध्ये इनलाइन अ‍ॅरे आला, त्याला हे दोन्ही अडसर नाहीत. नवं काम असेल तर मी तोच सुचवेन.

लायब्ररी देणाऱ्यांकडून मी सीमधला 'साइझऑफ'चा, म्हणजे स्ट्रक्ट किती बाइटांचं त्याचा, आकडा मागून घेतला. प्रोग्रॅम सुरू होताच 'मार्शल.साइझऑफ' त्याच्याशी ताडून बघतो. १७६ ऐवजी १६ आला, तर कंट्रोलरशी जोडणी होण्याआधीच प्रोग्रॅम थांबतो, आणि जॉबरला मागाजवळ उभं राहून हुक मोजावे लागत नाहीत.