‘वऱ्हाड’मधला अर्धा र आणि र. कृ. जोशी

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सेतू केंद्रावरून उत्पन्नाचा दाखला किंवा ग्रामपंचायतीची नोटीस छापून हातात आली, तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यावरचे अक्षर पुष्कळदा ‘मंगल’ या फॉन्टचे असते. दाखला घेणारा शिक्का आणि सही तेवढी पाहतो. ते अक्षर कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्याला पडण्याचे कारण नाही. ते र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या हातचे आहे. ‘हातचे’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण संगणकाच्या पडद्यासाठी अक्षर घडवणाऱ्या या माणसाचा पाया बोरूचा, म्हणजे टोक कापून केलेल्या लेखणीचा होता.

मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण संपवून जोशी १९५६ साली जाहिरातीच्या धंद्यात शिरले आणि १९६१पासून १९८३पर्यंत उल्का या संस्थेत होते. पुढे १९९६पर्यंत त्यांनी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात दृश्यसंवाद शिकवला. नोकऱ्यांचा हा तपशील एवढ्यावरच सोडतो, कारण त्यांची खरी ओळख त्यांच्या अक्षरविचारात आहे. ते कवीही होते आणि शब्दांच्या मांडणीतून चित्र उभे करणाऱ्या कविता करत. अक्षर आधी लिहिले जाते, छापले जाते ते नंतर, ही त्यांच्या कामामागची धारणा होती.

ही धारणा आमच्याकडच्या पेंटरला समजावून सांगावी लागत नाही. पूर्व विदर्भात वडशाच्या बाजूला झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक रंगवणारा पेंटर आधी खडू लावलेली दोरी ताणून सोडतो; तिची पांढरी रेघ उमटली, की तीच शिरोरेषा, आणि मग अक्षरे त्या रेघेला वाळणीवरच्या कपड्यांसारखी खाली लोंबत येतात. इंग्रजी पाटी त्याला पायाच्या रेघेवर उभी करावी लागते. देवनागरीचा बोरूही इंग्रजी निबाच्या उलट तिरका कापतात. रोमन अक्षराचे मोजमाप देवनागरीला लावले, की ती अवघडून का बसते, याचे उत्तर या दोन साध्या गोष्टींत आहे.

अडचण छपाईत होती. जोडाक्षरे आणि मात्रांमुळे मराठी छापखान्याच्या खणांत शेकडो खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ठेवावे लागत आणि तालुक्याच्या ट्रेडल मशीनवाल्याजवळ ते सगळे कधीच नसत. आमच्या घरच्या एका लग्नपत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’चे ‘वर्हाडी मंडळी’ होऊन आले, तेव्हा कंपोझिटरने ‘ऱ्ह’चा खिळा नाही एवढेच सांगितले. ज्या मुलखाचे नावच वऱ्हाड, तिथे हा खिळा नसावा, याची मौज नंतर वाटली. त्या दिवशी आजोबा चिडले होते.

लिपी सोपी करण्याचा एक मोठा खटाटोप विदर्भातच झाला होता. वर्ध्याला १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि गांधीवादी लेखक काका कालेलकरांच्या आग्रहाने तिच्या पुस्तकांत ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ छापले जाऊ लागले. स्वरांचे खिळे आणि टंकयंत्राच्या कळा त्यामुळे कमी होत. पवनारला विनोबा सर्व भारतीय भाषांसाठी नागरीही वापरावी असे सांगत राहिले. जोशींनीही भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ नावाची एक सामाईक लिपी आखून पाहिली होती. यातले काहीच लोकांच्या रोजच्या लिहिण्यात रुजले नाही, आणि माझ्या मते ते ठीकच झाले, कारण यंत्राच्या सोयीसाठी अक्षर कापण्याची गरज पुढे उरलीच नाही.

ती गरज युनिकोडने संपवली. त्यापूर्वीच्या फॉन्टांत प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. पेनड्राइव्हवर आणलेला ग्रामसभेचा ठराव दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर उघडला, की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडमध्ये वर्णाला एक ठरलेला क्रमांक असतो आणि जोडाक्षर कसे जुळवायचे याचे नियम फॉन्टच्या पोटात असतात. विंडोज २०००बरोबर आलेल्या ‘मंगल’ने हे काम देवनागरीसाठी केले. ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढे ‘ह’ टंकला, की आजोबांना हवा होता तो अर्धा र आपोआप उमटतो.

‘मंगल’ देखणा आहे असे मी म्हणणार नाही. त्या काळच्या जाड ठिपक्यांच्या पडद्यावर वाचता यावे म्हणून त्यात बोरूची जाड-बारीक वळणे जवळजवळ सपाट केलेली आहेत आणि कागदावर तो कोरडा दिसतो. मराठी वाचकाची तक्रार याहून नेमकी आहे: त्यातला ‘ल’ हिंदी वळणाचा, दंडाचा आहे आणि ‘श’ गाठीचा. एकच फॉन्ट सगळ्या देवनागरी भाषांना पुरवायचा म्हटल्यावर मोठ्या भाषेचे वळण निवडले गेले असावे. राज्य शासनाने २०२२ साली मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचा निर्णय काढला. आमच्या तहसिलीबाहेरच्या पेंटरने ‘तहसील कार्यालय’ या पाटीवर दोन्ही ‘ल’ पाकळीचेच काढलेले आहेत. आत मिळणाऱ्या दाखल्यावर तेच दोन शब्द दंडाच्या ‘ल’ने छापून येतात.