मामा, पंचेचाळीसचा पाईप टाकू का?

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला, सोबत फोटो. सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्याच्या टेबलावर ठेवलेला चकचकीत हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपांचा जुडगा), खाली प्रश्न, "मामा, पंचेचाळीसचा पाईप टाकू का? मोठा आहे, इंजिनला श्वास मोकळा होईल." पंचेचाळीस म्हणजे पाईपचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गाडी कुठली तर १.२ लिटरची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, आणि स्वप्न अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनमध्ये, म्हणजे सरळ रेषेत पळायच्या ड्रॅग शर्यतीत, पळवायचं. त्यावर त्याच्या मित्राचा सल्ला असा की एवढा मोठा नको, बॅकप्रेशर, म्हणजे धुराला पाईपमध्ये होणारा अडथळा, लागतंच, नाहीतर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, जातो. आता हे दोघंही चुकतायत आणि गंमत म्हणजे दोघांच्या चुकीचं मूळ एकच आहे, एक्झॉस्ट म्हणजे गटार असं दोघांनी धरलंय. एकाला गटार मोठं पाहिजे, दुसऱ्याला थोडं तुंबलेलं.

कंपनीतून हेडरच्या जागी येतो तो मॅनिफोल्ड बहुतेक वेळा ओतीव लोखंडाचा, आखूड, चारही सिलिंडरचा धूर लगेच एका खोक्यात आणणारा. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब पाईप, आणि पुढे जाऊन ते एकत्र येतात ती जागा म्हणजे कलेक्टर. एवढंच. पण या "लांब"मध्येच सगळी जादू आहे, ती सांगतो.

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचायच्या आधीच उघडतो, तेव्हा आत अजून तीनचार बारचं प्रेशर आणि भट्टीसारखा तापलेला वायू असतो. व्हॉल्व्ह जरा फटकला की पाईपमध्ये एक दणका बसतो आणि तो दणका, म्हणजे प्रेशरची लाट, आवाजाच्या वेगाने पुढे सुटते. आता नाशकात मे महिन्याच्या दुपारी आवाज सेकंदाला ३५५ मीटर धावतो, पण पाईपमधला वायू सातआठशे अंशावर असल्यामुळे तिथे हाच वेग सहाशेच्या आसपास जातो. धूर स्वतः मात्र त्यापेक्षा कितीतरी हळू सरकत असतो. लाट वेगळी आणि धूर वेगळा, हे लक्षात ठेवा, इथेच बहुतेकांची गाडी घसरते.

मनमाडच्या यार्डात मालगाडीचं शंटिंग कधी बघितलंय? इंजिन मागून एक धक्का देतं आणि "खड्ड खड्ड खड्ड" करत तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जातो, वाघिणी मात्र जेमतेम हातभर हललेल्या असतात. धूर म्हणजे वाघिणी, लाट म्हणजे तो खडखडाट. आता खरी मजा शेवटच्या वाघिणीची. तिला धक्का बसतो पण तिच्यापुढे ढकलायला कोणीच नाही, म्हणून ती जरा जास्तच पुढे जाते, मग कपलिंग ताणलं जातं, ती मागच्या वाघिणीला खेचते, ती तिच्या मागचीला, आणि तो हिसका उलटा इंजिनपर्यंत येतो. गेला होता धक्का, परत आला हिसका! पाईपमध्ये हुबेहूब हेच होतं. दाबाची लाट पाईपच्या उघड्या तोंडाशी किंवा कलेक्टरमध्ये जागा एकदम मोठी होते तिथे पोचली की उलटते, आणि परत येते ती कमी दाबाची, म्हणजे ओढणारी लाट होऊन.

ही ओढणारी लाट कशाला हवी? आपल्या १.२ च्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन साधारण ३०० सीसी झाडून काढतो. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची, ११ असेल तर वरच्या टोकाला ३० सीसी जागा उरतेच, तिथे पिस्टन पोचत नाही आणि तिथला जळका वायू तो बाहेर ढकलू शकत नाही. पण त्याच क्षणी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होतोय आणि इनटेकचा उघडतोय, थोडा वेळ दोन्ही उघडे असतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. हिसका नेमका तेव्हा हजर झाला तर तो ३० सीसी धूर ओढून नेतो आणि मागोमाग ताजी हवासुद्धा आत खेचायला लागतो, पिस्टन खाली निघायच्या आधीच. फुकटात पंप. उशिरा किंवा लवकर आला तर उपयोग नाही, आणि त्या वेळी उलटी दाबाची लाट हजर झाली तर धूर पुन्हा आत.

म्हणजे हा पाईप हे एक घड्याळ आहे. समजा लांबी ८० सेंमी, जाऊन-येऊन १.६ मीटर, ६०० च्या वेगाने २.७ मिलिसेकंद. पाईपला हा वेळ बदलता येत नाही, पण इंजिन वेळ मोजतं क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, अंशात. ६००० आरपीएमला २.७ मिलिसेकंदात क्रँक ९६ अंश फिरतो, ३००० ला फक्त ४८. म्हणून एका लांबीचा पाईप एका आरपीएमच्या टप्प्यात वरदान आणि दुसऱ्यात डोकेदुखी. (लाट सुईसारखी टोकदार नसते, पसरट उंचवटा असतो, आणि ती दोनतीनदा ये-जा करते, तापमान बदललं की वेगही बदलतो, तेव्हा गणित हे फक्त सुरुवातीला, पुढे डायनो (पॉवर मोजायचं यंत्र) आणि करवत. इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा, जास्त आरपीएमला आखूड, कमीला लांब.)

हे सगळं नवं नाही. टू स्ट्रोकमध्ये तर याच्याशिवाय चालतच नाही, ज्यांनी आरएक्स हंड्रेड पळवलीय त्यांना तो एका आरपीएमनंतर येणारा झटका आठवत असेल. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनियरने पाईपचा आकार या लाटांवर बेतून १९६१ साली १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढली होती, आणि त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून गेला, ते ज्ञान घेऊन थेट सुझुकीकडे. १९६२ ला ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुझुकीची. पाईपच्या लांबीसाठी देश सोडायची पाळी, बघा.

आता भाच्याचा पंचेचाळीस. दीड मिमी जाडीचा ३८ चा पाईप आतून ३५, आणि ४५ चा आतून ४२. दिसायला सात मिमीचा फरक, पण क्षेत्रफळ ४४ टक्के जास्त, म्हणजे तेवढाच धूर न्यायचा तर वेग तीस टक्क्यांनी कमी. धूर रेंगाळतो, लाटेचा जोर पातळ होतो, खालचा टॉर्क जातो. मग लोक म्हणतात बॅकप्रेशर गेलं! बॅकप्रेशर कधीच कामाचं नसतं हो, गेला तो वेग.

राहिला ४-१ की ४-२-१. चारही पाईप एकदम एकात जोडले, म्हणजे ४-१, तर वरच्या आरपीएमला जोर मिळतो. ४-२-१ मध्ये आधी १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या, कारण फायरिंग, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ असल्याने या जोड्यांचे दणके क्रँकच्या एका पूर्ण फेऱ्याच्या अंतराने येतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि मधल्या आरपीएमला पसरट टॉर्क मिळतो. ड्रॅगला ४-१ च, असं पोरं ठोकून सांगतात. पण आपल्या हॅचबॅकचा पहिला गिअर साधारण ३.५ आणि दुसरा १.९, म्हणजे ६३०० ला गिअर टाकला की काटा धाडकन ३४०० वर. ४-१ चा पाईप तिथे झोपलेला असणार. जवळजवळ लागून गिअर असलेल्या रेसिंग गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. आणि टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचे (ड्रॅगमधल्या सगळ्यात जोरदार गाड्या) ते वर तोंड केलेले आखूड पाईप बघून हुरळू नका, त्यांच्यात सुपरचार्जर हवा कोंबत असतो आणि त्या पाईपांची आग गाडीला जमिनीवर दाबायच्या कामी येते.

जाहिरातवाले काहीही आकडे सांगतात. पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून अ‍ॅव्हरेज वाढवणारे, बंपरला लिंबू-मिरची बांधणारे आणि "हेडर लावा, २५ हॉर्सपॉवर मिळवा" म्हणणारे, माझ्या लेखी एकाच रांगेत. अशा छोट्या इंजिनला नुसत्या हेडरने पाच टक्के मिळाले तरी पार्टी द्या. शिवाय बीएस६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो, हेडर बसवला की तो गेला, म्हणजे रस्त्यावर ती गाडी बेकायदा. रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांचे फोटो पेपरात येतात, त्यात भर नको.

आणि पाच टक्क्यांचं होतं काय? ड्रॅगच्या पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा, वेळ ढोबळमानाने वजन भागिले पॉवर याच्या घनमुळावर चालतो. म्हणजे पॉवर पाच टक्के वाढली तर वेळ साधारण दीड टक्का कमी, १८ सेकंदांत पाव सेकंदाच्या वर थोडंसं. ९०० किलोच्या गाडीतून ४५ किलो काढले तरी तेवढंच.

हे सगळं मी त्याला मायको सर्कलला चहा पीत सांगितलं, पेपर नॅपकिनवर मालगाडी काढून. त्याने फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला, अडतीसचाच पाईप, ४-२-१, बेंड चपटे नकोत मँड्रेलचे (आत आधार घालून वाकवलेले) पाहिजेत, आणि वेल्डिंगचा मणी आतून ग्राइंड करा म्हणाला. फक्त ट्रॅकवर जायच्या आधी बसवणार, आल्यावर काढणार, असं कबूल केलंय. तोपर्यंत स्टेपनी, जॅक आणि मागची सीट माझ्या बाल्कनीत पडलीय.