न दुखणारी जखम

चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्या खानदेशातील भाविकांपैकी अनेक जण अनवाणी चालतात. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि डांबरी रस्ता त्याहून अधिक तापलेला असतो. निरोगी माणूस चटका बसताच पाय उचलतो. मात्र वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या अनेकांना तो चटका जाणवतच नाही आणि मुक्कामी पोहोचल्यावर तळव्याला आलेला फोड दिसतो. कापूस निघालेल्या शेतात पऱ्हाटीचे धसकट रुतले, तरीही तेच घडते.

रक्तातील वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा (मज्जातंतू) निकामी होतात. वेदना कळेनाशी होते, घाम कमी झाल्याने टाचा भेगाळतात आणि स्नायू दुबळे झाल्याने बोटे वाकून चवड्याच्या हाडांवर भार येतो. तेथे घट्टा धरतो, त्याखाली रक्त साकळते आणि एके दिवशी कातडी फुटते. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की, बधिर पायावरील जखमांचे मूळ त्याच जागी वारंवार पडणाऱ्या दाबात असते. मधुमेही पायालाही हे तंतोतंत लागू पडते.

म्हणूनच रोज मलमपट्टी करून त्याच पायाने शेतात जाणाऱ्याची जखम भरत नाही, हे कळकळीने सांगावेसे वाटते. मृत कातडी काढणे, जंतुसंसर्ग असल्यास प्रतिजैविके देणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणे यांबरोबरच जखमेवरचा भार काढावा लागतो. रक्तपुरवठा ठीक असेल आणि संसर्ग आटोक्यात असेल, तर गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारे विशेष प्लॅस्टर यासाठी उत्तम ठरते. पाय लाल होऊन सुजला, काळवंडला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ती काही मिनिटांत तपासता येते. घरी रोज रात्री आरशात तळवे पाहावेत. दृष्टी अधू असेल, तर सुनेने किंवा नातवाने पाहावेत. पायाला झालेले कुरूप घरी ब्लेडने कापू नये. बरी झालेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्के आहे, त्यामुळे मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची चप्पल जखम भरल्यानंतरही, अगदी घरातसुद्धा, वापरत राहावी.