‘या कोर्टाला अधिकार नाही’: हरकत जागेची की विषयाची?

नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही दिवाणी न्यायालयात प्रतिवादीच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, हे वाक्य भेटतं: ‘सदर दावा चालवण्याचा या न्यायालयास अधिकार नाही.’ वाक्य एकच, पण त्यामागचे दोष दोन असतात. एक दोष वेळेवर दाखवला नाही तर संपतो. दुसरा हुकूमनाम्यानंतरही, म्हणजे अंतिम निकाल झाल्यावरही, उभा राहतो. पक्षकारांचं सगळ्यात मोठं नुकसान या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतं.

पहिला दोष जागेचा किंवा रकमेचा, म्हणजे दावा चुकीच्या गावी लावला किंवा त्याची रक्कम त्या न्यायालयाच्या मर्यादेत बसत नाही. निफाडच्या शेतजमिनीच्या ताब्याचा किंवा वाटपाचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 16 प्रमाणे जमीन जिथे, तिथेच लावायचा. भाऊ नाशिक शहरात राहतो म्हणून तो नाशिकला लागत नाही. जमीन निफाड आणि सिन्नर दोन्हीकडे असेल, तर कलम 17 मुळे यापैकी कुठेही चालतो. पैशाच्या दाव्याला कलम 20: प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाहीतर दाव्याचं कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडलं तिथे. दिल्लीच्या व्यापाऱ्याने निफाडच्या बागेत सौदा करून द्राक्षं उचलली आणि पैसे थकवले, तर बागायतदाराला दिल्ली गाठायची गरज नाही. मात्र सौद्याच्या कागदावर ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ अशी अट मान्य करून सही केली असेल, तर ती बहुधा बांधते, कारण दिल्लीलाही अधिकार आहेच. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो कराराने देता येत नाही.

कलम 21 इथेच महत्त्वाचं. जागेची किंवा रकमेची हरकत पहिल्याच न्यायालयात, शक्य तितक्या लवकर, मुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) काढण्याआधी किंवा काढताना घ्यावी लागते. अपिलात ती चालायची असेल, तर त्या चुकीमुळे प्रत्यक्ष अन्याय झाला हेही दाखवावं लागतं. समन्स घेऊन हजर राहायचं, साक्षी होऊ द्यायच्या आणि निकाल विरोधात गेल्यावर ‘दावा सिन्नरला हवा होता’ म्हणायचं, हे चालत नाही.

दुसरा दोष विषयाचा: तो प्रश्न दिवाणी न्यायालयापुढचाच नाही. सहकारी संस्थेचा कारभार, सभा, निवडणूक यांवरून सभासदाचा संस्थेशी वाद झाला, तर तो सहकार कायद्याच्या कलम 91 नुसार सहकार न्यायालयात जातो. इथे प्रतिवादी गप्प बसला, अगदी लेखी संमती दिली, तरी अधिकार तयार होत नाही. असा हुकूमनामा मुळातच शून्य असतो आणि दरखास्तीतही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जातही) त्यावर हरकत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाचा 1954 चा किरण सिंग विरुद्ध चमन पासवान हा निकाल यासाठी सतत दाखवला जातो. तो पूर्ण वाचावा. शून्यतेचं तत्त्व त्यात आहे, पण त्या प्रकरणातली हरकत दाव्याच्या मूल्यांकनाची, म्हणजे रकमेची, होती आणि ती फेटाळली गेली. अर्धा उतारा जोडून जागेच्या हरकतीला हा निकाल लावणाऱ्यांची तिथेच फसगत होते.

ग्रामीण नाशिकमध्ये खरी अडचण कुळाची. ताब्याच्या दाव्यात प्रतिवादी ‘मी कूळ आहे’ म्हणाला आणि तसा मुद्दा निघाला, की तो ठरवण्याचा अधिकार कूळकायद्याप्रमाणे तहसीलदारांचा. पण म्हणून दावा फेटाळला जात नाही. कलम 85-अ नुसार न्यायालय दावा स्थगित ठेवतं, तेवढाच मुद्दा तिकडे पाठवतं आणि उत्तर आल्यावर पुढे चालतं.

जागा किंवा रक्कम चुकली असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7 नियम 10 खाली वादपत्र (दाव्याचा मूळ अर्ज) परत मिळतं, तेही कोणत्याही टप्प्यावर. परतीच्या शेऱ्यात दाखल व परतीची तारीख, पक्षकाराचं नाव आणि थोडक्यात कारण आहे ना, ते तिथेच तपासा. नव्या न्यायालयात दावा पहिल्यापासून सुरू होतो, आधीची साक्ष पुढे चालत नाही. भरलेली कोर्ट फी जमेस धरण्याची मागणी करता येते. मुदत कायद्याच्या कलम 14 खाली आधीच्या न्यायालयात गेलेला काळ वजा होतो, पण तो दावा तत्परतेने आणि प्रामाणिकपणे चालवला होता हे दाखवावं लागतं. पैशाच्या दाव्याची मुदत साधारण 3 वर्षांचीच, म्हणून परतीच्या आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागून ठेवा.