निर्णय उंची

ढग, धुके किंवा पावसामुळे समोरचे दिसत नसताना उपकरणांच्या आधारे उतरणाऱ्या विमानाने ज्या ठरावीक उंचीवर उतरायचे की पुन्हा वर जायचे हे पक्के करायचे असते, ती निर्णय उंची. कॉकपिटमध्ये तिला नुसते ‘मिनिमम्स’ म्हणतात. तिथवर येऊन धावपट्टी, तिच्या कडेचे दिवे किंवा तिच्याकडे नेणाऱ्या दिव्यांची रांग दिसली नाही, तर विमान वर न्यायचे. त्यावर चर्चा होत नाही.

आयएलएस ही यंत्रणा विमानाला धावपट्टीची मध्यरेषा आणि साधारण ३ अंशांचा उतार रेडिओलहरींनी दाखवते. तिच्या श्रेणींना ‘कॅट’ म्हणतात. कॅट-१ प्रकारात निर्णय उंची २०० फुटांखाली नसते आणि धावपट्टीलगत मोजलेला दृश्यपल्ला, म्हणजे आरव्हीआर, किमान ५५० मीटर लागतो. कॅट-२ मध्ये हेच आकडे १०० फूट आणि ३०० मीटर आहेत. कॅट-३ मध्ये स्वयंचलित यंत्रणाच चाके टेकवते. दोनशे फुटांमागे साधी भूमिती आहे. त्या उंचीवर विमान धावपट्टीच्या तोंडापासून जेमतेम ९०० मीटरवर असते आणि कॅट-१ साठीची दिव्यांची रांगही साधारण तेवढीच लांब असते. टेकडी, टॉवर असे अडथळे असतील तिथे निर्णय उंची वाढते, त्यामुळे एकाच धावपट्टीच्या दोन टोकांना ती वेगवेगळी असू शकते.

प्रत्यक्षात हा निर्णय फार आधी घेतलेला असतो. खाली उतरायला सुरुवात करण्यापूर्वीच दोघे वैमानिक इंधन किती, प्रयत्न किती करायचे आणि मग कुठे वळायचे, हे बोलून घेतात. आरव्हीआर मर्यादेखाली असेल तर विमानतळाच्या पातळीपासून १,००० फूट उंचीच्या खाली यायलाच मनाई असते; त्याखाली आल्यावर आरव्हीआर घसरला, तर निर्णय उंचीपर्यंत जाता येते. शेवटच्या टप्प्यात विमान मिनिटाला सुमारे ७०० फूट उतरत असते. ‘हंड्रेड अबव्ह’ (निर्णय उंचीच्या शंभर फूट वर) आणि ‘मिनिमम्स’ या दोन पुकाऱ्यांमध्ये आठ-नऊ सेकंद मिळतात. एकाची नजर काट्यांवर, दुसऱ्याची काचेबाहेर. उत्तर ‘लँडिंग’ किंवा ‘गो-अराउंड, फ्लॅप्स’ (म्हणजे पुन्हा वर) यांपैकी एकच. उत्तरच आले नाही, तर नियंत्रण दुसऱ्याने घ्यायचे असते. सारी शिस्त एका गोष्टीसाठी आहे: वर जाणे हे गृहीत धरायचे आणि उतरण्याला कारण लागले पाहिजे. माणसाचे मन नेमके उलट चालते. घर जवळ आले की ‘आता उतरूनच टाकू’ असे वाटते.

दिल्लीत प्रश्न हिवाळी धुक्याचा असतो. धुके बहुधा स्थिर, वारा पडलेला, त्यामुळे कॅट-३ कामी येते. कोकणातल्या पावसाला ते औषध लागू पडत नाही. सर आली की पल्ला मिनिटभरात कोसळतो, सोबत झोताचा वारा आणि पाणी साचलेली धावपट्टी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला वाहतूक सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब, पूर्व-पश्चिम आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडचा, म्हणून विमाने साधारणतः पनवेलच्या बाजूने येतात. त्या अंगाला माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर. उलवे किंवा पनवेलला चाके खाली सोडलेले विमान गर्जत परत वर जाताना दिसले, की सोसायटीच्या ग्रुपवर ‘थोडक्यात वाचले’ असा व्हिडिओ फिरतो. बहुतेक वेळा विमान ‘वाचलेले’ नसते, कारण ते धोक्यात गेलेलेच नसते.

धावपट्टी दिसली की काम झाले असेही नाही. काचेवरच्या पाण्याने आपण आहोत त्याहून उंच आहोत असा भास होतो आणि वैमानिक नकळत नाक खाली दाबतो. पातळ धुक्यात वरून अख्खी धावपट्टी दिसते आणि त्या थरात शिरल्यावर नाहीशी होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पहिला प्रयत्न सोडून दिलेले विमान दुसऱ्या खेपेस पाठीवर वारा घेऊन आले, धावपट्टी निम्मी सरत आल्यावर टेकले आणि टोकापलीकडच्या दरीत कोसळले. २१ जण दगावले. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावरही अवतरण सुरूच राहिले, असे चौकशी अहवालात आहे. तिथे मिनिमम्सचा आकडा पाळूनही पुढचा निर्णय चुकला. म्हणून धावपट्टी दिसणे ही पुढे जाण्याची फक्त परवानगी असते. वेग, उतार आणि टेकण्याची जागा यांपैकी काहीही बिघडले तर ती लगेच संपते.

पर्यायी विमानतळ निवडताना मुंबईकराला सांताक्रूझ आणि नवी मुंबई ही सोयीची जोडी वाटते. दोघांतले हवाई अंतर पंचवीसेक किलोमीटर. पावसाचा एकच पट्टा दोन्हीकडे असू शकतो. अशा दिवशी अहमदाबाद किंवा हैदराबाद गाठण्याइतके इंधन लागते, शिवाय जेट विमानाला ३० मिनिटांचे राखीव. ऑगस्ट २०१५ मध्ये दोहाहून कोचीला आलेल्या विमानाने तिथे तीन आणि तिरुवनंतपुरमला आणखी तीन प्रयत्न सोडले. सातव्यांदा ते उतरले, तेव्हा हे राखीव इंधनही वापरात आले होते.