गुलमर्ग: आधी उन्हाळ्याचं, बर्फाचं खूप नंतर

आपल्याकडून मे महिन्यात काश्मीरला जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक टूरमध्ये गुलमर्गचा एक दिवस असतोच, गोंडोलाने म्हणजे केबल कारने वर जायचं, उरलासुरला बर्फ खेळायचा, फोटो काढायचे आणि संध्याकाळी श्रीनगरला परत. त्यामुळे गुलमर्ग म्हणजे बर्फ असंच आपल्या डोक्यात बसलंय. पण हे ठिकाण कित्येक वर्षं फक्त उन्हाळ्याचं होतं, आणि ते बारमाही कसं झालं ही गोष्ट मला गोंडोला राइडपेक्षाही भारी वाटते.

जहांगीर बादशाहने इथून २१ प्रकारची फुलं गोळा केली असं सांगतात, म्हणजे मुघलांनाही इथली ओढ होती ती कुरणांची. मग इंग्रज आले. पंजाबातला उन्हाळा सोसवायचा नाही म्हणून साहेब लोक बायकापोरांसकट इथे यायचे, पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वरची चढण घोड्यावर नाहीतर डोलीत, वर लाकडी हट्स, क्लब, नेडू कुटुंबाचं हॉटेल, १९०२ चं सेंट मेरीज चर्च आणि अर्थातच गोल्फ. (याच नेडू घराण्यातल्या अकबर जहाँ पुढे शेख अब्दुल्लांच्या पत्नी झाल्या.) थंडी पडायला लागली की सगळं बंद करून मंडळी खाली उतरायची.

हिवाळ्यात पहिल्यांदा हौसेने वर आले ते ब्रिटिश लष्करातले अधिकारी. १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया निघाला, ख्रिसमस आणि ईस्टरला मेळावे भरायचे. तेव्हा लिफ्ट वगैरे काही नाही, स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग एकदा घसरत खाली यायचं! स्वातंत्र्यानंतर ही मंडळी गेली आणि क्लबही ओसरला.

पण स्कीइंग टिकलं, आणि माझ्या मते त्याचं श्रेय पर्यटनाच्या आधी लष्कराला जातं. काश्मीरच्या लढाईतच कळून चुकलं होतं की बर्फात हालचाल करता येणारे जवान हवेत, म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या १९ व्या डिव्हिजनने गुलमर्गला स्की स्कूल काढलं, तेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. सरकारला विंटर टुरिझम सुचायला आणखी वीस वर्षं गेली. १९६८ मध्ये ऑस्ट्रियाचे रुडॉल्फ मॅट, जे १९३६ चे स्लॅलमचे (झेंड्यांमधून वळणं घेत उतरायच्या स्की शर्यतीचे) वर्ल्ड चॅम्पियन, त्यांना जागा बघायला बोलावलं आणि त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं. त्याच सुमारास इथे स्कीइंग आणि माउंटेनियरिंगची सरकारी संस्था सुरू झाली. १९८८ च्या कॅलगरी विंटर ऑलिंपिकला गेलेले गुल देव इथलेच, आणि २०२२ ला बीजिंगमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता आरिफ खान, तो खाली टंगमर्ग भागातला.

खरा बदल मात्र गोंडोलाने केला. पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीबरोबर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं, १९९० मध्ये परिस्थिती बिघडली आणि ते अडकलं. मधल्या कोंगदूरी स्टेशनपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ ला चालू झाला आणि वरच्या अफरवत डोंगराचा दुसरा २००५ ला. गाव साधारण २,६५० मीटरवर आणि दुसरा टप्पा थेट ३,९०० च्या वर नेऊन सोडतो, त्यामुळे जे चढायला अख्खा दिवस जायचा ते मिनिटांवर आलं आणि परदेशातले स्कीयर यायला लागले. वरचा उतार मशीनने सपाट केलेला नसतो, ताजा भुसभुशीत बर्फ असतो, तेच त्यांना हवं असतं, आणि हिमस्खलनाचा धोकाही तिथेच असतो म्हणून स्की पेट्रोल, म्हणजे उतारावर गस्त घालणारं सुरक्षा पथक, असतं. उन्हाळ्यात हीच गोंडोला आपल्यासारख्यांनी भरलेली असते, खाली गोल्फ आणि घोडे चालू असतात.

आता चिंता आहे ती बर्फाचीच. इथला बर्फ येतो पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालींमुळे, त्या कमकुवत झाल्या की डोंगर कोरडे राहतात. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे काश्मिरी लोकांच्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, कुरण तपकिरी दिसत होतं, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीतले खेलो इंडिया विंटर गेम्स बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले.